मेरा किताब

श्रावणात गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते, त्या दिवशी खामगाव-शेगाव रस्ता माणसांनी भरून जातो. आमच्या मोहल्ल्यातलेही कुणी पाण्याचे जार, कुणी केळी घेऊन रस्त्याकडेला उभे असतात. शाळेत त्या दिवशी हजेरी कमीच. आठवीत एकवीस मुलं आली होती. गणिताचे सर रजेवर, म्हणून ऑफ तास माझ्याकडे आला. मी विज्ञान शिकवते. बाहेर पाऊस आणि आत अर्धा वर्ग रिकामा असताना धडा पुढे नेला, तर तो उद्या पुन्हा शिकवावा लागतो. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आज कहानी."

कहाणी रे ब्रॅडबरी या अमेरिकी लेखकाची, १९४९ साली छापलेली. बी.एड. करताना अकोल्यात रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका इंग्रजी संग्रहात ती मी वाचली होती. मुलांना उर्दूत सांगितली ती अशी:

पृथ्वीवरून काही कुटुंबं मंगळावर राहायला जातात. घरं बांधतात, भाजीपाला लावतात. मग पृथ्वीवर युद्ध होतं, अग्निबाणांची ये-जा थांबते आणि ही माणसं तिथंच अडकून पडतात. हळूहळू बागेतल्या फुलांचा रंग बदलतो, गवत जांभळं होतं, गाईला तिसरं शिंग फुटतं. एक बाप घाबरतो. मंगळावर पिकलेलं खायचं नाही असं ठरवून तो पृथ्वीवरून आणलेलं अन्न पुरवून पुरवून खातो आणि परत जाण्यासाठी अग्निबाण बांधायला घेतो. आजूबाजूच्या माणसांचे डोळे सोनेरी होत चाललेले त्याला दिसतात. एक दिवस मुलगा म्हणतो, मला जुनं नाव नको, हे नवं ठेवा. ते नाव मंगळाच्या भाषेतलं असतं, आणि ती भाषा त्याला कुणी शिकवलेली नसते. शेवटी बापाचाही अग्निबाण अर्धवट राहतो. सगळे डोंगरातल्या मंगळवासीयांच्या रिकाम्या घरांत राहायला जातात. पाच वर्षांनी पृथ्वीवरून यान येतं. त्यातल्या लोकांना आपली माणसं काही सापडत नाहीत. सावळ्या रंगाची, सोनेरी डोळ्यांची, शांत माणसं तेवढी भेटतात.

मुलं गप्प झाली. मग मागच्या बाकावरच्या एकानं हात वर केला. हा मुलगा शाळा सुटली की वडिलांच्या फळांच्या गाडीवर उभा राहतो. म्हणाला, "मॅडम, वो अब्बा को गुस्सा किस पे था? मंगल पे, के बच्चों पे?"

मी म्हणाले, "सोच के बताती."

त्याला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण त्याच आठवड्यात माझ्याही घरी एक बाप असाच गप्प बसला होता.

माझी मुलगी तिसरीत आहे, मराठी शाळेत. अब्बा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले, मी उर्दू शाळेत दहावी झाले, आज उर्दू शाळेतच शिकवते. आणि माझी लेक रोज सकाळी मराठी शाळेत जाते. अब्बा दोन गल्ल्या पलीकडे राहतात. शिलाईचं दुकान आता बंद केलंय, मगरिबची नमाज पढून रोज आमच्याकडे येतात. त्या संध्याकाळी लेक दप्तर उलटं करून काहीतरी शोधत होती. वर न पाहताच म्हणाली, "नाना, मेरा किताब देखे क्या?"

"क्या बोली?"

"मेरा किताब."

अब्बांनी चहा अर्धा ठेवला. काही बोलले नाहीत. जाताना दारात चपला घालत मला म्हणाले, "किताब मेरी होती बेटा. मेरा नहीं होती." ते लेकीला नव्हे, मला सांगत होते.

चूक कुठून आली ते शिक्षिका म्हणून मला लगेच कळलं. उर्दूत किताब स्त्रीलिंगी. मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी: ते पुस्तक, माझं पुस्तक. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच. लेकीच्या डोक्यात आधी ‘माझं पुस्तक’ तयार झालं आणि जिभेवर येताना त्याचं ‘मेरा किताब’ झालं. ती विचार मराठीत करते आणि आमच्याशी उर्दूत बोलते, हे त्या दोन शब्दांत उघडं पडलं. अब्बांना व्याकरणाची ही भाषा येत नाही, पण शिंप्याला कापड हाताला लागताच त्यातला फरक कळतो. त्यांना सोनेरी ठिपका दिसला होता.

मला मात्र त्या दोन शब्दांत माझंच जुनं वाक्य ऐकू आलं. अकरावीला मी उर्दू शाळेतून विज्ञान शाखेत गेले. वर्गात सगळं मराठी आणि इंग्रजी. पहिल्याच महिन्यात सरांनी विचारलं, पुस्तक कुठंय? मी उभी राहून म्हणाले, "सर, माझी पुस्तक घरी राहिली." सगळा वर्ग हसला. सरही हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे आज कळतं. पण त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. उत्तर येत असूनही नाही. मराठी वाक्य बोलायचं तर आधी मनात प्रत्येक वस्तूला विचारायचं: तू तो, ती, की ते? तोवर दुसरं कुणीतरी उत्तर देऊन मोकळं होई.

माझ्या शौहरांना लेकीसाठी इंग्रजी शाळा हवी होती, पण फी परवडणारी नव्हती. अब्बांना उर्दू हवी होती. मराठी शाळेचा हट्ट माझा. तो हशा माझ्या लेकीच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यामागं होतं. माझी पुस्तक आणि मेरा किताब. चूक एकच. मी ती एका दारातून बाहेर काढली आणि ती दुसऱ्या दारानं घरात आली.

या मंगळाच्या आणि ताऱ्यांच्या गोष्टी माझ्याकडे आल्या त्याही अशाच एका चुकीतून. लहानपणी घरी अब्बांनी जपून ठेवलेले ‘खिलौना’चे जुने अंक होते, पुढे शाळेत ‘उमंग’ यायचा. उर्दूत विज्ञानकथा नव्हती असं नाही; लखनौचे खान महबूब तर्ज़ी अशा कादंबऱ्या लिहीत होते, पण त्या आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत. बारावीच्या सुट्टीत मी वाचनालयात नाव घातलं. कपाटात एका पुस्तकाच्या पाठीवर नाव दिसलं: ‘प्रेषित’. मराठीत प्रेषित म्हणजे पैगंबर, एवढं मला ठाऊक. वाटलं, अल्लाहच्या रसूलांचं चरित्र असेल, अब्बांना वाचून दाखवू. रात्री मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तर ती जयंत नारळीकरांची कादंबरी निघाली. परग्रहावरून पृथ्वीशी होणाऱ्या संपर्काची. मी ओशाळले. अब्बा मशीनवर काजं करत होते. म्हणाले, "पढ, पढ. पैगाम तो आसमान से ही आ रहा है ना." ते पुस्तक आम्ही दोघांनी मिळून संपवलं. मी अडखळत वाचायची, अडलेला शब्द ते सांगायचे. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा बातमी बघून अब्बा म्हणाले, "वो तेरे पैगंबर वाले साहब गए."

अडलेला मराठी शब्द अब्बा सांगायचे, ही गोष्ट मी पुढे कशी विसरले कोण जाणे. तिच्याकडे परत येते.

पालखीनंतरच्या आठवड्यात एक पालक टीसी मागायला आले. मुलगा सहावीत, हुशार. त्याला मराठी शाळेत घालायचं होतं. सप्टेंबरअखेर पट मोजला जातो, त्यावर संच मान्यता ठरते. पट घसरला की कुणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून आम्ही पालकांना समजावतो. मीही सुरू केलं: मादरी जबानमध्ये शिकलेलं पक्कं राहतं, मराठी आम्ही इथंही शिकवतो, विज्ञान कुठल्याही भाषेत विज्ञानच. माणूस शांतपणे ऐकत होता. मग अदबीनं म्हणाला, "मॅडम, बुरा मत मानना. आपकी बच्ची कौन से स्कूल में है?"

मी त्यांचा अर्ज पुढं पाठवला. शिक्षकांच्या खोलीत कुणी मला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

मी शिकवते त्यातलं काही खोटं नाही. आईच्या भाषेत मूल लवकर शिकतं हे बी.एड.च्या पहिल्या पेपरात लिहिलंय आणि वर्गात रोज दिसतंही. प्रकाश-संश्लेषण मुलांना ‘ज़ियाई तालीफ़’ म्हणून सांगितलं की ज़िया म्हणजे उजेड हे त्यांना घरूनच माहीत असतं. तरीही त्याच मुलाला पुढं तहसीलमध्ये अर्ज लिहायचा असतो, भरतीच्या परीक्षेला बसायचं असतं. दोन्ही खरं आहे. पाटी एकच, आणि त्यावर कोणती अक्षरं आधी लिहायची हे आईबापांना ठरवावं लागतं.

या काळात मी पुन्हा त्या कथांकडे गेले. रॉबर्ट हाइनलाइनची एक गाजलेली कादंबरी आहे, १९६१ सालची. मंगळावर गेलेल्या माणसांचं एक मूल मागं राहतं, मंगळवासी त्याला वाढवतात, आणि तरुणपणी तो पृथ्वीवर परत येतो तेव्हा आपल्याच माणसांत परका ठरतो. त्या कादंबरीचं नाव बायबलमधून घेतलंय: हजरत मूसा (अ.) मदयनमध्ये असताना, परक्या मुलुखातला परका म्हणून स्वतःविषयी जे बोलले, त्यातून. हे कळल्यावर मला हसू आलं. मंगळापर्यंत जायची गरजच नव्हती. ही कहाणी आपण मक्तबमध्ये ऐकलेली आहे. बाळ पेटीत घालून नदीत सोडलं जातं, फिरऔनच्या महालात वाढतं. आणि अल्लाह काय करतो? त्याच्या आईलाच दाई म्हणून महालात धाडतो. लहानपणी या कहाणीत मला पेटीची भीती वाटायची. आता आई झाल्यावर त्या दाईपाशी थांबावंसं वाटतं. मूल महालात वाढलं, तिथले रीतिरिवाज शिकलं. पण दूध आईचं प्यायलं. तिनं महालाशी भांडण केलं नाही आणि मूलही सोडलं नाही. पुढं फिरऔनसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा त्याच मूसांनी जिभेची गाठ सोडव अशी दुआ मागितली आणि सोबत भावाला मागून घेतलं. अकरावीच्या वर्गात गप्प बसलेल्या मुलीला या दुआचा अर्थ कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

पण सगळ्याच मुलांना दाई मिळत नाही. मॉरिशसचं उदाहरण आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावरचे मजूर तिथं ऊसाच्या मळ्यांत गेले. त्यांत कोकणातून, मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. आज त्यांची पणतवंडं-खापरपणतवंडं बोलतात ती तिथली क्रिओल. मराठी त्यांना प्राथमिक शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून ऐच्छिक विषयात शिकायला मिळते. त्याच यादीत उर्दूही आहे, तीही पूर्वजांची भाषा म्हणूनच. इथं शेगावात माझ्या घरी ज्या दोन भाषा एकमेकींसमोर उभ्या आहेत, त्या तिथं वेळापत्रकात शेजारी शेजारी बसल्यात. त्या मुलांचं काही बिघडलं आहे असं मी म्हणणार नाही. ती त्या बेटाची मुलं आहेत, आनंदात आहेत. पण ‘पूर्वजांची’ हा शब्द मला टोचला. माझ्या नातवाला उर्दू ही मेलेल्या माणसांची भाषा म्हणून आठवड्यातल्या काही तासांत भेटावी, असं मला नको आहे.

त्याच सुमारास अब्बांच्या दुकानातलं जुनं सामान आवरायला गेले. ट्रंकेत त्यांच्या मापांच्या वह्या सापडल्या. चाळीस वर्षांच्या. अक्षरं उर्दू, उजवीकडून डावीकडे, सुरेख. मी वाचत गेले: उंची, गळा, बाही, घेर, काखेत सैल. लिपी उर्दू आणि शब्द सगळे मराठी. गिऱ्हाइकांची नावं, ‘पोळ्याच्या आधी देणे’, ‘लग्न आहे, घाई’, सगळं तसंच. अब्बा शेजारी बसले होते. मी म्हणाले, "अब्बा, ये तो पूरा मराठी है." त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहिली. म्हणाले, "गिराइक जैसा बोला, वैसा लिखा." मग स्वतःच हसले.

ब्रॅडबरीच्या कथेतल्या बापालाही एकदा आरशात स्वतःच्या डोळ्यांत सोनेरी ठिपके दिसतात. वर्गात सांगताना ते मी गाळलं होतं. जो आवाज मला नारळीकरांचे अडलेले शब्द सांगत होता, तो मंगळावर कधीच राहायला गेलेला होता, आणि त्यानं त्याचं काही गमावलं नव्हतं. नमाज, उर्दू अखबार, ग़ज़ल सगळं जागच्या जागी. फरक एवढाच की त्यांच्या वेळी उर्दू शाळेनं आधी पाया घातला आणि मग बाजारानं मराठी शिकवली. माझ्या लेकीला मराठी शाळा देते आहे. उर्दूचा बाजार तिच्यासाठी कुठं भरतो? तो भरवणं माझं काम होतं आणि मी ते दोन वर्षं टाळलं होतं.

जानेवारीत आठवीची सहल लोणारला नेली. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आकाशातून आलेल्या दगडानं पाडलेला हा खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा, आणि लोणारही बेसॉल्टमध्येच पडलेलं. म्हणून मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथले खडक तपासतात. मुलांना सांगितलं, मंगळ पाहायचा तर एसटीनं येता येतं. २०२० साली हे पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, तेही सांगितलं. फळगाडीवाल्या मुलानं विचारलं, "मॅडम, वो पत्थर गया किधर?" मी म्हणाले, बराचसा आदळतानाच वितळला, वाफ झाला, इथल्याच खडकात मिसळला. वेगळा काढून दाखवता येणार नाही.

तिथं काठावर डबे खाताना मी त्यांना ब्रॅडबरीचीच दुसरी गोष्ट सांगितली. एक बाप मुलांना मंगळावर नेतो. मुलं सारखी विचारतात, मंगळवासी कधी दाखवणार? एका रात्री बाप त्यांना कालव्याच्या काठावर नेतो आणि पाण्यात पाहायला सांगतो. पाण्यात त्यांचीच तोंडं दिसतात. तो मुलगा म्हणाला, "ये अब्बा अच्छा है. ये डरता नै."

"डरता होगा," मी म्हणाले. "लेकिन साथ में बैठा." त्याच्या श्रावणातल्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच होतं. पहिल्या बापाचा राग ना मंगळावर होता, ना मुलांवर. मुलं जिथं चालली होती तिथं आपल्याला जागा असेल की नाही, ही त्याची धास्ती होती. आणि त्या धास्तीत तो मुलांजवळ बसायचा सोडून अग्निबाण बांधत बसला.

फेब्रुवारीपासून दर शनिवारी दुपारी आमच्या ओसरीवर कायदा घेऊन मुलं बसतात. मराठी आणि इंग्रजी शाळांत जाणारी सात मुलं आहेत. टीसी नेलेला सहावीतला मुलगा आहे. त्याचे वडील स्वतः सोडायला येतात. माझी लेक आहे. शिकवतात अब्बा. ‘अलिफ’ची रेघ कशी सरळ हवी हे सांगताना त्यांना कापडावर खडूची रेघ मारायची सवय आठवते. फळगाडीवाला मुलगाही येतो, पण त्याला उर्दू येते. तो माझ्या लेकीकडून मराठीतला तो-ती-ते घोकून घेतो. ती त्याला चुकला की रागावते. परवा तिनं पुन्हा ‘मेरा किताब’ म्हटलं, तर अब्बांच्या आधी तोच ओरडला, "मेरी!"

लेक नीट उर्दू वाचेल की नाही, सांगता येत नाही. शनिवारचा दीड तास म्हणजे शाळा नव्हे, हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं. शाळेत पुढच्या वर्षी आमच्यापैकी कुणाला अतिरिक्त ठरवतील, तेही माहीत नाही. ओसरीवरची मुलं मी दर शनिवारी मोजते. संच मान्यतेत ती धरली जात नाहीत.